अण्णा कोरे आवाज परत घेतात

मिरज मार्तंडचा मुख्य चढाईपटू कुणी बोटही न लावता, स्वतःच्या पायांनी चालत रेषेबाहेर गेला आणि बाद झाला. त्याच क्षणी टीव्हीतून अण्णा कोरे यांचा आवाज आला, "शाब्बास रे वाघा!"

अण्णा त्या वेळी घरी सोफ्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांचं तोंड बंद होतं.

"काय ओरडताय?" आतून इंदुताईंनी विचारलं.

"मी नाही. तिथला मी ओरडला."

"तिथले तुम्ही बरे आहात की. माणसाला चांगलं तरी म्हणता."

अण्णांनी हातातली शेंग खाली ठेवली. सरकारी दवाखान्यात तीस-बत्तीस वर्षं एक्स-रे काढण्यात गेलेली. माणसाच्या आत काय मोडलंय ते बघायचं आणि तोंडावर काही दाखवायचं नाही, ही सवय लागलेली. पण स्वतःच्याच आवाजाने त्या गाढवाला वाघ म्हटलेलं ऐकून त्यांचाही चेहरा बदलला.

हा तिथला आवाज आला कुठून, ते सांगायला हवं.

घरबसल्या डोळ्यांवर चष्मा चढवला की पंचाच्या खांद्यावरून सामना दिसायला लागला आणि मैदानावर जायचं लोकांनी सोडलं. शेकोटीला बसतात तेवढी माणसं स्टँडात उरली. रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळाडूंना जोर येईना. मग संघाच्या मालकांनी, ते पुण्याचे, धंदा सौरपंपांचा, 'गर्जना' नावाची यंत्रणा बसवली. स्टँडाच्या छपराखाली प्रक्षेपणासाठी लावलेले माइक अकरा हंगाम गर्दी टिपत होते. सगळा गलका साठवलेला होता. दहा हजार माणसं एकदम ओरडली की तुम्हा-आम्हाला एकच गडगडाट ऐकू येतो, पण यंत्राला तसं वाटत नाही. एकच आरोळी जवळच्या माइकला आधी पोचते आणि लांबच्या माइकला किंचित उशिरा. त्या फरकावरून यंत्राला खुर्ची सापडते. खुर्ची सापडली की गळा सापडतो, कारण प्रत्येक गळ्याची घडण निराळी, अंगठ्याच्या ठशासारखी. असं करत त्याने गलक्यातून माणूस अन् माणूस सोलून काढला, आपण शेंगेतून दाणे काढतो तसा. मग प्रत्येकजण कोणत्या वेळी काय ओरडतो तेही ते शिकलं. आता सामना सुरू झाला की यंत्र खेळ बघतं आणि ज्याला त्याला आपापल्या वेळी ओरडायला लावतं. स्टँडात माणसं शंभर, आवाज दहा हजारांचा. त्यात गेलेलेही होते. मिरजेतले निम्मे मयत दर शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर हजर असत.

यात फक्त एक फेरफार केला होता. मालकांच्या सांगण्यावरून यंत्रातून नाराजी काढून टाकली होती. टोमणे पाहुण्या संघाला मारायचे, आपल्या संघाला नुसतं कौतुक. त्यामुळे मार्तंडची पोरं लोण खाऊन आली तरी स्टँड त्यांना डोक्यावर घेई. सलग तीन हंगाम संघ तळाला होता आणि अत्यंत खुशीत होता.

"पूर्वी हरल्यावर पोरं मागच्या दारानं जायची," अण्णा म्हणाले. "आता हात हलवत जातात. आणि त्यांना टाळ्या कोण वाजवतं? मी!"

"मग सांगा त्यांना, नका वाजवू म्हणून."

इंदुताई हे सहज बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा खरंच गेले.

माणसाच्या आवाजावर त्या माणसाची मालकी, असा कायदा तोवर झाला होता. मैदानाच्या कचेरीत ऋजुता शेडबाळे नावाची मुलगी गर्जना सांभाळायची. जयसिंगपूरची, ध्वनिशास्त्र शिकलेली, कानात कायम काहीतरी घातलेलं. तिने ते काढलं.

"काका, आवाज काढून घेताय, पण कारण काय?"

"संघ हरतोय आणि मी आनंदात आहे, हे मला पटत नाही."

"एकदा पुसला की पुसला हं. कायदाच तसा आहे, आमच्याकडे प्रतही राहत नाही. आणि पुढची पाच वर्षं नवा घेता येत नाही."

"पाच वर्षांत जिंकतील का?"

ऋजुताने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली.

"मग पुसा."

बाहेर पडताना अण्णांना खूप हलकं वाटलं. निषेध करायला इतकी कमी मेहनत लागते, हे आधी माहीत असतं तर त्यांनी आयुष्यात आणखी बरेच केले असते.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट मात्र आली नाही. स्टँडात अण्णा कोरे एकटे कधी ओरडलेच नव्हते.

जुनं मैदान होतं तेव्हाची गोष्ट. तांबड्या मातीवर चुन्याच्या रेषा, बसायला फळ्या, आणि फळीच्या चिरेत विजार अडकली की सामना संपेपर्यंत उठायची सोय नाही. असाच एक चढाईपटू पलीकडे जाऊन, उगाच दोन उड्या मारून, हात हलवत परत आला. तेव्हा तरुण असलेल्या अण्णांनी उभं राहून विचारलं, "काय आणलंस रे?"

मागच्या फळीवरून उत्तर आलं, "वारा!"

आवाज असा, की वाळलेल्या भोपळ्यातून यावा. माणूसही भोपळ्यांतलाच निघाला. यासीन सतारमेकर. सतारींसाठी भोपळे वाळवणं, ठोकून बघणं, कापणं हा घरचा धंदा. अंगाला लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. अण्णा मागे वळले, यासीनभाईंनी मूठभर शेंगा पुढे केल्या आणि तिथून दोघांची जोडी जमली. अण्णांनी विचारायचं, यासीनभाईंनी उत्तर द्यायचं. चढाईपटू मध्यरेषेवरच घुटमळला की, "कुणाची वाट बघतोस?" "रिक्षाची!" पकड करणारा नुसताच जमिनीवर लोटांगण घालून उठला की, "काय हरवलं रे?" "अब्रू!" जुनं मैदान पाडून नवं झालं, फळ्यांच्या खुर्च्या झाल्या, दोघांचे केस पिकले, तरी हे चालूच. पंचसुद्धा अण्णांच्या प्रश्नानंतर शिट्टी तोंडाजवळ नेऊन थांबायचे, उत्तर ऐकून मग वाजवायचे.

दोन वर्षांपूर्वी यासीनभाई गेले. तेव्हापासून अण्णाही मैदानावर गेले नाहीत. घरून बघतो, गुडघे दुखतात, असं ते सांगत.

पुढच्या शुक्रवारी अण्णा टीव्हीपुढे मांडी घालून बसले. स्वतःचा आवाज न येणं ऐकायची त्यांना फार उत्सुकता होती. पाहुण्या संघाचा एक पोरगा चढाईला आला आणि हात हलवत परत गेला. स्टँडचा गलका सवयीने जरा खाली आला. क्षणभर काहीच नाही. मग छपराखालून भोपळ्यातला तो आवाज एकटाच घुमला.

"वारा!"

समालोचक बोलता बोलता थांबला.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. कायद्याप्रमाणे त्याने अण्णांचा शब्द न् शब्द पुसला होता. पण यासीनभाई कधी ओरडतात, हे ते वेगळं शिकलं होतं. अण्णांच्या प्रश्नाला लागायचा तेवढा वेळ सोडून, हेही शिकलं होतं. प्रश्न गेला, प्रश्नाची जागा राहिली. आणि त्या रिकाम्या जागेनंतर उत्तर.

"रिक्षाची!" थोड्या वेळाने यासीनभाई म्हणाले. मग उत्तरार्धात, अगदी गंभीरपणे, "अब्रू!"

शनिवारी अख्खी मिरज हसत होती. पोरांनी शर्टांवर 'रिक्षाची!' छापून घेतलं. चहाच्या गाड्यावर कुणी काही न बोलता बसला की दुसरा उगाच ओरडे, "वारा!" आणि यामागे अण्णांनी काढून घेतलेला आवाज आहे हे कळल्यावर लोक अण्णांना शोधत घरी आले. निषेध असावा तर असा! मग कुणी आपला आवाज काढला, कुणी वारस म्हणून गेलेल्या चुलत्याचा काढला. कचेरीबाहेर रांग लागली. गर्जना विरळ व्हायला लागली, तिच्यात भोकं ऐकू यायला लागली. पुण्याहून मालकांचा फोन आला. नवा प्रशिक्षक आणू, असंही ते म्हणाल्याचं कळलं.

"जिंकलात की हो," इंदुताई म्हणाल्या. "हार कुठं टांगायचा?"

तेवढ्यात दारात शमाभाभी उभ्या राहिल्या. यासीनभाईंच्या पत्नी. अण्णा त्यांच्या घरी शेकडो वेळा जेवले होते, पण भाभी या घरी क्वचितच येत. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"अण्णा, तुम्ही असं कसं केलं ओ?"

"काय केलं, भाभी?"

"मी दर शुक्रवारी जाते मैदानावर. तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही येतच नाही."

अण्णा चकित झाले. "तुम्ही? तुम्हाला तर कबड्डी म्हणजे..."

"मला अजूनही काही कळत नाही त्यातलं. मी त्यांना ऐकायला जाते. तुम्ही विचारणार, ते बोलणार, लोक हसणार. घरी आले की हेच सगळं परत सांगायचे मला, मी तेव्हा ऐकायची नाही. आता तिकीट काढून ऐकते."

इंदुताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. भाभींनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"या शुक्रवारी लोक हसले," त्या म्हणाल्या. "पण ते त्यांच्या बोलण्यावर नाही हसले, अण्णा. त्यांच्यावर हसले. शेवटचे चार महिने घरात ते असेच होते. तुम्ही यायचा तेवढा वेळ चांगले असायचे, बाकी वेळ भिंतीकडे बघून उत्तरं द्यायचे. कुणी काही विचारलेलं नसायचं. मी ते कुणाला कळू दिलं नाही. आता ते सगळ्या गावाला ऐकू येतंय."

भाभींनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"वारस मी आहे. मीही जाऊन काढून टाकते त्यांचा आवाज. गप्प तरी राहतील."

"काढू नका," अण्णा पटकन म्हणाले. "एवढा शुक्रवार थांबा."

भाभी तांब्यातलं पाणी प्यायल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

अण्णा पुन्हा कचेरीत गेले. ऋजुताने सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "काका, तुमचा आवाज आमच्याकडे नाहीच आता. नवा घेतला तर मला तुरुंगात जावं लागेल."

"मग यासीनच्या उत्तराआधीची ती रिकामी जागा तरी बुजवा."

"ती बुजवायची तर त्यांचाच आवाज पहिल्यापासून शिकवायला हवा. त्यात काय शिल्लक राहील, सांगता येत नाही." तिने ती जागा पुन्हा एकदा ऐकून बघितली. "जागा तशीच आहे, काका. दर वेळी तेवढीच. तिथे कुणी जिवंत माणूस बोललं तर यंत्राची काही हरकत नाही."

म्हणजे मैदानावर जायचं. ज्या संघाचा निषेध म्हणून अण्णांनी आवाज काढून घेतला, त्याच संघाच्या स्टँडात बसून स्वतःच्या गळ्याने ओरडायचं. तेही निषेध यशस्वी व्हायला आला असताना. "अण्णा फुटले म्हणतील," ते इंदुताईंना म्हणाले. "मालकांनी विकत घेतला म्हणतील."

"तुम्हाला कोण विकत घेतंय या वयात?" इंदुताई म्हणाल्या. "आणि तिकडं ती बाई एकटी बसायची, ते काय म्हणायचं?"

अण्णा विचार करत बसले आणि त्यांना फळ्यांच्या काळातली रीत आठवली. मार्तंड फारच वाईट खेळायला लागला की स्टँड शिवीगाळ करायचा नाही. कुणी एक ज्येष्ठ माणूस उठून मैदानाकडे पाठ करून बसायचा. मग दुसरा, मग तिसरा. तिकीट काढलंय, जागा सोडणार नाही, पण बघणारही नाही. बघता बघता सगळा स्टँड पाठमोरा, शेंगा खातोय, एकमेकांची खुशाली विचारतोय. खेळाडूंना त्या पाठी दिसायच्या. गर्जना आल्यापासून ही रीत संपली होती, कारण यंत्राला आवाज असतो, पाठ नसते.

शुक्रवारी अण्णा मैदानावर गेले. भाभी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. अण्णा त्यांच्या पुढच्या रांगेत गेले, खुर्चीवर उलटे, भाभींकडे तोंड करून बसले. मैदान त्यांच्या पाठीमागे.

"हे काय?" भाभींनी विचारलं.

"निषेध चालू आहे. मी बघणार नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा."

"मला नावं नाहीत ठाऊक त्यांची!"

"नावं नकोत. काय करतात तेवढं सांगा."

मागे दोन पोरं कुजबुजली, "अण्णा आले की रे!" "फुटले काय?" "गप. मैदानाकडं पाठ आहे बघ की त्यांची."

सामना सुरू झाला. भाभी पुढे वाकून सांगायला लागल्या. "तो उंच पोरगा उठला. पांढऱ्या बुटाचा. आपला नाही, त्यांचा. गेला आत. अगं बाई, नुसताच नाचतोय. शिवला नाही कुणाला. निघाला परत..."

गलका खाली आला. अण्णांनी छाती भरून घेतली आणि भाभींच्या तोंडाकडे बघत ओरडले, "काय आणलंस रे?"

"वारा!" छपराखालून यासीनभाई म्हणाले.

स्टँडात बसलेली शंभर माणसं हसली. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी फक्त ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "आता टकल्या उठलाय."

घरी इंदुताईंनी जेवण वाढताना सांगितलं, "तुमची पाठ दाखवली टीव्हीवर. मोठी करून. इस्त्री करून घालत जा." पुढच्या शुक्रवारी ती कुजबुजणारी पोरं अण्णांच्या शेजारी येऊन पाठमोरी बसली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी आली. चष्मे घरी ठेवून, तिकीट काढून, न बघायला माणसं मैदानावर येऊ लागली. हे कशात मोडतं ते मालकांना कळेना. ऋजुताने मात्र या पाठमोऱ्यांचा आवाज टिपायचा नाही, असं माइकला परस्पर सांगून टाकलं.

एवढं होऊनही मार्तंड हरतच होता. नवा प्रशिक्षक आला, त्याने सगळ्यांना पहाटे पळवलं, आणि संघ दमून हरायला लागला. भाभींचं समालोचन मात्र सुधारत गेलं. 'टकल्या' आणि 'पांढरे बूट' यांच्यात आता 'कोपऱ्यातला जाड्या', 'घाई करणारा' आणि 'आईचा लाडका' यांची भर पडली. ही माणसं कोण, हे अण्णांना कधीच कळलं नाही, पण ती सगळी त्यांना जवळची वाटायला लागली. भोपळ्यांच्या ढिगाशेजारी यासीनभाई भाभींना सामना सांगायचे, त्याच्या नेमकं उलट आता दर शुक्रवारी घडत होतं, आणि सांगणाऱ्या भाभीच होत्या.

हंगामाचा शेवटचा सामना आला. दोन मिनिटं उरली होती. मार्तंड मागे होता, किती ते अण्णांनी विचारलं नव्हतं.

शेवटच्या मिनिटांत पाहुण्या संघासाठी दोघांचा एक ठरलेला सवाल असायचा. अण्णा त्यांच्या राखीव खेळाडूंकडे बोट करून विचारायचे, घरी कधी जाणार रे? आणि यासीनभाईंचं उत्तर आलं की लोक पाय आपटायचे. गलका खाली आला. अण्णांनी तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली. सगळा हंगाम ओरडून आवाज बसला होता. त्यांनी खोकून बघितलं. रिकामी जागा तशीच पुढे सरकत होती.

शमाभाभी उठून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या मैदानावर कधी ओरडल्या नव्हत्या, आणि ठरलेला सवाल ऐन वेळी त्यांना आठवलाही नाही. दोन्ही हात तोंडापाशी नेऊन, वर छपराकडे बघत त्यांनी जे मनात आलं ते विचारलं.

"घरी कधी येताय?"

"हरल्यावर!" यासीनभाई म्हणाले.

स्टँडात पाय आपटण्याचा गडगडाट झाला. भाभी हळूच खाली बसल्या. डोळे पुसले, ओढणी सारखी केली. मग पुढे वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी अण्णांना विचारलं, "अण्णा, आज हरतील ना ओ नक्की?"

अण्णांनी मागे वळून बघितलं नाही.

"त्या बाबतीत निर्धास्त असा, भाभी," बसलेल्या आवाजात ते म्हणाले. "संघ आपला आहे."